अकरा दिवसांचा कापूस

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि मी चढलो तोही रसायनशास्त्रासाठी. चित्रांबद्दल लिहावं तर त्यातलं मला फार थोडं कळतं. जपानच्या भूकंपाबद्दल लिहावं तर त्यात माझं काहीच गेलेलं नाही. जमीन हलली तेव्हा मी साताऱ्याकडच्या आमच्या गावात, जपानला यायची बॅग भरत होतो. ज्यांचं गेलं त्यांनी गप्प राहावं आणि माझ्यासारख्यानं बोलावं, हे मलाच बरं दिसत नाही. पण दर ऑक्टोबरात इथे एक वास येतो आणि मला दुसरं काही सुचू देत नाही. एका बाईंचं काहीतरी माझ्या हातात आलं होतं, ते मला त्यांना परत देता आलं नाही. एवढंच सांगायचं आहे.

वास किनमोकुसेईचा. कुंपणाला लावतात ते साधं हिरवं झाड, वर्षभर त्याच्याकडे कुणी बघत नाही. मग एका सकाळी ओसाकाच्या आमच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की पिकलेल्या जर्दाळूसारखा गोड वास अंगावर येतो. आधी वास, मग झाड शोधायचं. फुलं केशरी, तांदळाच्या कणीएवढी, पानांच्या बगलेत लपलेली. आठवडाभरानं ती झडतात आणि फुटपाथवर पारिजातकासारखा सडा पडतो. सायकलवाले त्यावरून निघून जातात.

भूकंपाच्या वर्षी वीज वाचवायची म्हणून प्रयोगशाळेतली यंत्रं कमी चालवायचे आणि खिडक्या उघड्या ठेवायचे. त्यामुळे तो वास थेट माझ्या टेबलापर्यंत यायचा आणि टेबलावरच्या द्रावणांच्या उग्र वासात मिसळायचा. आज चौथ्या वर्षीही फुलांचा वास आला की मागोमाग तो उग्र वास येतो. खरं तर तो नसतोच. मी नाकाला हात लावून बघतो.

चित्र सप्टेंबरात आलं होतं. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका लहान गावातून. भूकंपामागून समुद्र आत शिरला तेव्हा गावच्या शाळेत छतापर्यंत पाणी चढलं. शिवणवर्गाच्या भिंतीवरचं हे चित्र खिळ्यावरून सुटलं, आणि कापडावर नाही तर लाकडी फळीवर रंगवलेलं असल्यामुळे तरंगलं. काही दिवसांनी डोंगराच्या पायथ्याशी मासेमारीच्या जाळ्यात अडकलेलं सापडलं. मग उन्हाळाभर वर्तमानपत्रात गुंडाळून एका गोदामात पडून होतं. आमच्या प्रयोगशाळेत जुन्या कलावस्तू वाचवायचं काम चालतं. त्या वर्षी अशा वस्तू टेम्पो भरभरून येत होत्या. बुद्धमूर्ती, वह्या, बाहुल्या, शाळेची निशाणं. आमचे हयाशी सेन्सेई, म्हणजे आमचे सर, आठवड्यातले चार दिवस तिकडे ईशान्येला असायचे. उरलेले आम्ही विद्यार्थी, हाताला येईल ते करायचो. मी सगळ्यात नवा. हे चित्र माझ्या वाट्याला आलं, कारण ते लहान होतं. आपण दोन्ही हातांनी परात धरतो ना, तेवढं.

चित्र जपानी नव्हतंच. अमेरिका हा देश नवा होता तेव्हाच्या, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराचं ते असावं असं गावात मानलं जायचं. गावातला एक माणूस तरुणपणी कामासाठी अमेरिकेत गेला होता. म्हातारपणी परतताना त्यानं ते आणलं आणि शाळेला दिलं. चित्रकाराचं नाव मी इथे लिहीत नाही. खात्री नसेल तर नाव छापायचं नाही ही आमच्या प्रयोगशाळेची शिस्त आहे, आणि खात्री शेवटपर्यंत झाली नाही. पण त्याच्याबद्दल मिळेल ते मी वाचून काढलं. तो त्या देशात बाहेरून आलेला होता. सगळे सेनापतींचे आणि श्रीमंतांचे चेहरे रंगवत होते तेव्हा यानं बाजार रंगवला, चौकातली गर्दी रंगवली, लग्नघर, मतदानाचा दिवस, कामाला बसलेल्या बायका. लोक म्हणायचे, यात रंगवण्यासारखं काय आहे? तो तरुणपणीच गेला. उन्हाळ्यात एके दिवशी तळ्यात उतरला आणि बाहेर आला नाही. त्याची चित्रं थोडीच उरली आहेत. काही तर फक्त दुसऱ्यांनी केलेल्या नकलांमधून माहीत आहेत.

आमच्याकडचं चित्र गोधडी शिवायच्या दिवसाचं होतं. खारट चिखलाचा थर होता, तरी पहिल्याच दिवशी ते मला ओळखता आलं. खोलीच्या मधोमध लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली गोधडी. शिवून संपली आहे, दोन बायका ती चौकटीवरून सोडवतायत. एकजण जमिनीवरच्या चिंध्या गोळा करते आहे. आणि डावीकडच्या दारातून पाहुणे आत येतायत, जरा लवकरच आलेत, त्यामुळे सगळ्यांची धांदल. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. या चित्रकाराचं मला हेच आवडलं. त्याच्या चित्रातली माणसं आपल्यासाठी बसलेली नसतात, ती त्यांच्या कामात असतात. दारातून कुणीतरी आत येतच असतं, आणि तो बरोबर तिथे हात थांबवतो. पुढे काय झालं ते सांगत नाही.

माझी आई गोधड्या शिवते. आमच्याकडे वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर अंगणात पसरायचे, चार बायकांनी चार कडांना बसायचं आणि टाके घालत मधोमध सरकायचं. मी बॅग भरत होतो तेव्हा आख्खी वाकळ मावेना, म्हणून आईनं तिच्याच कापडाचं एक बसकर शिवून दिलं. प्रयोगशाळेतल्या लोखंडी खुर्चीवर मी ते घालायचो. त्या बसकरावर बसून मी दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या बायकांची गोधडी धूत होतो. मला त्याचं फार नवल वाटायचं. पण कुणाला सांगायला लाज वाटायची.

धूत होतो म्हणजे काय, तेही सांगतो. चिखल आणि मीठ आधी शुद्ध पाण्यानं निघतं. त्यानंतर जो चिवट मळ उरतो त्याला सगळ्यात चांगलं औषध म्हणजे माणसाची थुंकी. बांबूच्या काडीवर कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि रंगावरून अलगद फिरवायचा. घासायचं नाही, लाटण्यासारखं गडगडवायचं. कापूस काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. सेन्सेईंनी हे करून दाखवलं तेव्हा मला वाटलं ते थट्टा करतायत. आपल्याकडे उष्ट्या हातानं पोथीला शिवत नाहीत. रविवारी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, कुणाची वस्तू, आणि थुंकी लावतोस?" मग म्हणाली, "म्हणजे मी पदराचं टोक ओलं करून तुझं तोंड पुसायचे, तसं." मी म्हणालो, तसंच. त्यानंतर माझी भीड चेपली. ती दर रविवारी विचारायची, कुणाचं तोंड पुसून झालं? मी सांगायचो, आज चिंध्या गोळा करणारीचं. आज दारातल्या पाहुण्यांचं.

चित्राबरोबर एक पाकीट आलं होतं. त्यावर 'चित्राची काळजी घेणाऱ्यास' असं लिहिलेलं. सेन्सेई ईशान्येच्या गाडीला निघाले होते. त्यांनी ते न उघडता माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "काळजी घेणारे तुम्ही. वाचून घ्या. काही महत्त्वाचं असेल तर मला सांगा."

आत तीन कागद होते. ब्रशनं लिहिलेले, जुन्या वळणाच्या वाहत्या अक्षरात. मला तेव्हा छापील जपानी कसंबसं वाचता यायचं. हे अक्षर म्हणजे ओल्या मातीवरून चिमणी चालून गेल्यासारखं. 'चित्र' ओळखलं, 'आभार' ओळखलं, एके ठिकाणी 'शाळा' असावं. प्रयोगशाळेत तेव्हा सात जपानी माणसं होती. कुणालाही म्हटलं असतं की एवढं वाचून द्या, तर पाच मिनिटांचं काम होतं.

इथे आमच्या घरातलं एक सांगायला हवं. आमच्या घरी पत्र आलं की ते दुसऱ्याच्या दारात न्यावं लागायचं. आई-बाबांना वाचता येत नव्हतं. मास्तर वाचून दाखवायचे, ते नसले तर दुकानदार. मी पहिलीतही नव्हतो तेव्हाची गोष्ट. आईच्या माहेरून एक कार्ड आलं. मास्तर परगावी, दुकानदाराला ताप. आई ते कार्ड कमरेला खोचून तीन दारं फिरली. कुणी म्हणालं, चष्मा नाही. कुणी म्हणालं, ठेवून जा, बघतो. दोन दिवस ते कार्ड तिच्या कमरेला होतं. वाचलं गेलं तेव्हा त्यात होतं की तुझी आई अंथरुणाला खिळली आहे, लगेच निघ. ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. मला शाळेत घातलं ते त्यानंतर. आई सगळ्यांना सांगायची, "माझ्या पोराला कुणाच्या दारात कागद घेऊन जावं लागणार नाही."

दोन दिवसांनी सेन्सेईंनी जाता जाता विचारलं, "त्या पत्रात काही आहे का?"

मी म्हणालो, "आभार मानलेत."

ते मान हलवून पुढे गेले. पत्र मी फाइलमध्ये ठेवलं. रोज थोडं कोशात बघून वाचू असं ठरवलं होतं. पण रोज चित्रच पुढे असायचं.

आता त्या कोपऱ्याबद्दल. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक बाई स्टुलावर बसून सुईत दोरा ओवत होती. बाकीचे सगळे अमेरिकन कपड्यांतले आणि ही मात्र डोक्याला जपानी फडकं बांधलेली, किनाऱ्यावर शिंपले सोलायला बसतात तशी. तपासणीच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं की तो सगळा भाग काळा दिसायचा. म्हणजे तिथला रंग नंतरचा, मूळ चित्रावर दुसऱ्या कुणीतरी चढवलेला. सेन्सेई हसले. मीही हसलो. अमेरिकेच्या दिवाणखान्यात ही कुठून आली, असं म्हणून आम्ही तिला दाखवायला शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं. तेही हसले.

या हसण्याबद्दल मला नंतर पुष्कळ विचार करावा लागला. त्या चित्रकाराच्या मूळ चित्रातही, याच फळीवर, एक कोपऱ्यातला माणूस आहे. पाहुण्यांसाठी वाद्य वाजवायला आलेला काळा माणूस. बाकीच्यांना त्यानं माणसाचे चेहरे दिले, याचे ओठ मात्र जरा जास्तच जाड काढले, बघणाऱ्यांनी हसावं म्हणून. साध्या माणसांवर एवढा जीव असलेल्याचाही हात तिथे घसरला. त्याच्या दारातल्या पाहुण्यांत मी स्वतःला नेहमी बघत आलो आहे. हसणाऱ्यांतही मीच आहे, हे मात्र मला तेव्हा दिसलं नाही.

त्याच्या गोधडीच्या चित्राची एक जुनी छापील नक्कल आहे, तीत फडकंवालीच्याच जागी स्टुलावर बसलेली म्हातारी आहे. आपल्या चित्रात ती खाली असेल तर ते त्याचंच मानायला आधार मिळेल, असं सेन्सेईंचं म्हणणं पडलं. रंगाच्या आत बघायच्या यंत्रापुढे ईशान्येच्या वस्तूंची रांग लागलेली, म्हणून रंग काढूनच बघायचं ठरलं. गावच्या कचेरीला विचारलं, नंतरचा रंग काढायला हरकत आहे का? कचेरी तेव्हा एका व्यायामशाळेत भरत होती. तिथून शिक्का मारलेला कागद आला, हरकत नाही.

किनमोकुसेई फुललं त्याच दिवशी मी सुरुवात केली. आता थुंकीचं काम नव्हतं, द्रावण हवं. काडी बुडवायची, रंगावर फिरवायची, मऊ झालेला थर कापसावर घ्यायचा. कापूस टाकायचा नाही. काढलेल्या रंगाचा कापूस तपासणीसाठी काचेच्या बरणीत जपून ठेवायचा असा नियम आहे. पहिल्या दिवशी फडक्याचा निळा निघाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ. रंग हटता हटत नव्हता, जुना आणि घट्ट. मी चिवटपणे बसलो. आईनं विचारलं, "आज कुणाचं तोंड?" मी म्हणालो, "हिचं पुसत नाही, हिला काढायचं आहे." ती म्हणाली, "का? तिनं काय केलं?" मी हसून विषय बदलला.

अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी संध्याकाळी हात निघून गेले, सुई निघून गेली. खाली म्हातारी नव्हती. स्टुलाचा एक पाय होता आणि बाकी उघडं, पाणी लागून कुजलेलं लाकूड. मूळ चित्र तिथे कधीच संपलेलं होतं. बाहेर फुटपाथवर केशरी सडा वाळून तपकिरी झाला होता.

दिवाळीला मृणालताईंनी फराळाला बोलावलं. त्या मूळच्या पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे ओसाकाला आल्या आणि आता स्वतः अनुवादाचं काम करतात. इथल्या आम्हा पोरांच्या त्या हक्काच्या ताई. माझ्या बॅगेतून फाइल डोकावत होती, त्यांनीच ओढून काढली. म्हणाल्या, दिवाळीला पण अभ्यास? मग पाकीट दिसलं.

"किती सुंदर अक्षर आहे. हे तू वाचलंस?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"चित्र. आणि आभार."

"शाब्बास. म्हणजे पाकीट उघडलंस म्हणायचं."

त्या हसत हसत वाचायला लागल्या. दुसऱ्या कागदावर हसणं थांबलं. तिसरा कागद त्यांनी दोनदा वाचला, आणि मग मला मराठीत सांगितला.

लिहिणाऱ्या बाईंचं नाव ओनोदेरा. वय सत्तरच्या पुढे. त्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या, त्यांचे यजमान चित्रकला. लग्नाच्या वर्षी छत गळून चित्राचा उजवा कोपरा कुजला, रंग गळून पडला. यजमानांनी तो भरायला घेतला. अमेरिकेतली बाई कशी बसत असेल ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणून समोर जी बसली होती तिला काढलं. पुढे चाळीस वर्षं मुली त्या चित्राखाली बसून शिवण शिकल्या. समुद्र आत आला त्या दिवशी यजमान शेजारच्या म्हातारीला आणायला म्हणून टेकडीवरून परत खाली गेले. ते सापडलेले नाहीत. घर गेलं. फोटो, वह्या, त्यांनी काढलेलं सगळं गेलं. शेवटी लिहिलं होतं की चित्राचं बाकी काय करायचं ते तुम्हाला जास्त कळतं, मिठाचे डाग राहिले तरी चालतील. कोपऱ्यातली बाई मूळची नाही हे आम्हाला ठाऊक आहे. ती तेवढी राहू द्या.

मृणालताईंनी विचारलं, "मग, ठेवलीत ना?"

मी म्हणालो, "मी काढली."

त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि हळूच म्हणाल्या, "चकली घे." मी घेतली. ती ताटाच्या कडेला तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सेन्सेईंना सांगितलं. इंग्रजीत तयारी करून गेलो होतो, तिथे इंग्रजी आटलं. त्यांनी विचारलं, पत्र वाचता येत नाही हे कधी कळलं होतं? मी म्हणालो, पहिल्या दिवशी. त्यांनी पुढे विचारलं, मी पत्राबद्दल विचारलं तेव्हा? तेव्हाही. मी वाट बघत होतो की आता ते मला जा म्हणतील. ते म्हणाले, "तुम्ही वाचलं नाही. मी तर तिला डोळ्यांनी बघितलं, आणि हसलो." मग त्यांनी गावच्या कचेरीला फोन लावला आणि आम्ही दोघं यायचं म्हणतो असं कळवलं.

ते गाव मी एकदाच पाहिलं, नोव्हेंबरच्या शेवटी. पाहिलं म्हणजे जिथे असायला हवं होतं ती जागा पाहिली. सपाट, झाडून काढल्यासारखी. मधे एक पायऱ्यांचा दगडी जिना, वर काहीच नाही. तात्पुरत्या घरांच्या रांगा वर टेकडीवर होत्या, पत्र्याच्या खोल्या, एकीला लागून एक. प्रत्येक दारावर दोऱ्यात ओवलेली पर्सिमनची फळं वाळत घातलेली. केशरीच रंग. ओनोदेरा-सान, म्हणजे ओनोदेराबाई, ठेंगण्या, पाठीत वाकलेल्या. त्यांनी आम्हाला आत घेतलं, चहा ठेवला, एक वाळलेलं फळ चार तुकडे करून पुढे केलं. सेन्सेई चटईवर कपाळ टेकेपर्यंत वाकले आणि म्हणाले, निर्णय माझा होता. मीही वाकलो. वाकलेला असताना मला फक्त त्यांच्या पायांतले विणलेले मोजे दिसत होते. कपाळ वर कसं करायचं ते कळेना.

त्या म्हणाल्या, उठा, चहा निवतोय.

सेन्सेईंनी सांगितलं की काढण्याआधीचे फोटो आमच्याकडे आहेत, त्यावरून बाई पुन्हा जशीच्या तशी रंगवता येईल. ओनोदेरा-साननी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याच्या हातची नको, म्हणाल्या. फोटो मात्र ठेवून घेतला. बराच वेळ तो जवळून बघितला, मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. त्यांची बोली मला कळली नाही. या वेळी मी सेन्सेईंकडे बघितलं आणि म्हणालो, मला कळलं नाही.

सेन्सेई म्हणाले, "त्या विचारतायत, ती सहज निघाली का?"

मी म्हणालो, नाही. अकरा दिवस लागले.

ते ऐकून त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. त्या जे म्हणाल्या ते सेन्सेईंनी मला सांगितलं, तेव्हा ते माझ्या कानात मराठीतच उमटलं, कारण आमच्याकडच्या बायकाही नवऱ्याचं नाव न घेता असंच बोलतात. "मग रंग नीट घोटला होता ह्यांनी."

निघताना त्यांनी विचारलं, जे काढलं त्याचं काय केलंत? मी सांगितलं, कापूस बरणीत ठेवला आहे. तो मला मिळेल का, म्हणाल्या. सेन्सेई घुटमळले. तो कापूस नोंदीचा भाग असतो, द्यायचा नसतो. मग म्हणाले, मिळेल.

ओसाकाला आल्यावर मी बरणीतला कापूस खिडकीत दोन दिवस उघडा ठेवला, द्रावणाचा वास उडून जाईपर्यंत. अकरा दिवसांच्या कापसात निळा होता, तपकिरी होता, कुठेतरी कातडीचा फिका रंग. बरणी काचेची. खोक्यात घालायला मऊ काही मिळेना, म्हणून खुर्चीवरचं बसकर काढलं आणि त्यात गुंडाळली. आईला सांगितलं. तिला मी सगळंच सांगितलं होतं, पत्राचंसुद्धा. ते ऐकून ती एवढंच म्हणाली, "मला वाचता येत नव्हतं, पोरा." त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पोच म्हणून एक कार्ड आलं. मिळालं, एवढंच. चित्र नव्या शाळेत गेलं, कोपरा लाकडाच्या रंगाचा तसाच ठेवून. मी दर नववर्षाला ओनोदेरा-सानना कार्ड पाठवतो, त्यांचं येतं. ब्रशनं लिहिलेलं. मी ते वाचायला शिकलो. उशिरा शिकलो म्हणून त्यात काही शौर्य नाही. कार्डात हवेबद्दल असतं, फळं वाळत घातल्याचं असतं. यंदाच्या नववर्षाला आलं नाही. मी विचारायला हवं होतं. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं. मी पुन्हा न वाचलेलं पत्र कमरेला बांधून फिरत होतो.

त्या चित्रकाराचा मला कधी कधी राग येतो. तो दारातल्या पाहुण्यांपाशी हात थांबवू शकला. गोधडी चौकटीवरून सुटते आहे, अजून कुणी काही बिघडवलेलं नाही. आमच्यापैकी कुणालाच तिथे थांबता येत नाही.

गेल्या आठवड्यात किनमोकुसेई फुललं. परवा पाकीट आलं, त्या गावचा शिक्का असलेलं. पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी, आडनाव ओनोदेरा. पत्ता संगणकावर छापलेला, सोपी अक्षरं. आतलंही तसंच असणार, मला सहज वाचता आलं असतं. मी ते उघडलं नाही. गाडी पकडून मृणालताईंकडे गेलो, पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, वाचून दाखवा.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. चष्मा लावला.

पत्र पुतणीचं होतं. काकू मागच्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या. कळवायला उशीर झाला, क्षमा असावी. तुमची कार्डं त्यांच्या खणात नीट बांधून ठेवलेली सापडली. काका अखेरपर्यंत मिळाले नाहीत. थडग्यात ठेवायला अस्थी नव्हत्या, म्हणून भूकंपानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात काकूंनी त्यांच्या जागी एक कापसाची बरणी ठेवली. तेव्हा आम्हाला कारण कळलं नव्हतं, त्यांनी सांगितलंही नाही. आता काकूंच्या अस्थी ठेवायला थडगं उघडलं. बरणी जशीच्या तशी होती, आणि ज्या जाड शिवलेल्या कापडात ती तुमच्याकडून आली, त्या कापडातच होती. आम्ही ते सोडवलं नाही. काकूंना शेजारी ठेवलं.